विशेष शाळेतील वर्तन व्यवस्थापन: दिवसाच्या सांध्यांपासून सुरुवात

मुले कधी चावतात, कधी वस्तू फेकतात, कधी वर्गातून धावत सुटतात याची वेळ घालून नोंद ठेवली, तर बहुतेक विशेष शाळांत एक गोष्ट लक्षात येते. यांतला मोठा भाग शिकवण्याच्या ऐन तासात घडत नाही. बस दारात लागल्यापासून प्रार्थना सुरू होईपर्यंत, एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंत, डब्याआधी हात धुण्याच्या रांगेत आणि घरी जाताना दप्तर पाठीला लावून बसची वाट पाहताना, म्हणजे दिवसाच्या सांध्यांत, तो घडतो. म्हणून या लेखात शिस्तीच्या नियमांपेक्षा नोंदीकडे आणि दिवसाच्या मांडणीकडे अधिक लक्ष दिले आहे. लेख प्रामुख्याने बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांच्या शाळांतील विशेष शिक्षक, मुख्याध्यापक आणि मदतनीस यांच्यासाठी आहे. पालकांनाही त्यातला बराच भाग घरी वापरता येईल.

कायद्याची चौकट आधी स्पष्ट असावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ ने क्रूर, अमानुष किंवा अवमानकारक वागणुकीपासून दिव्यांग व्यक्तीचे संरक्षण करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, तर कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करण्यासारख्या कृत्यांसाठी सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. तेव्हा चापट मारणे, कान पिरगाळणे, बाथरूममध्ये कोंडणे, डबा काढून घेणे, ओढणीने खुर्चीला बांधून ठेवणे हे उपाय ‘नाइलाज झाला’ म्हणूनही करता येत नाहीत. व्यवसायोपचार तज्ज्ञाने (ऑक्युपेशनल थेरपिस्टने) बसण्याच्या आधारासाठी सांगितलेला पट्टा वेगळा. पण तोच पट्टा मूल जागेवरून उठू नये म्हणून आवळला की तो आधार राहत नाही.

वर्तनाचे नेमके वर्णन करावे

‘फार मस्ती करतो’, ‘हट्टी आहे’, ‘अंगावर येतो’ ही वाक्ये शिक्षक-कक्षात रोज ऐकू येतात आणि त्यांतून कोणताही आराखडा तयार होत नाही. वर्णन असे असावे की वर्ग सांभाळायला आलेल्या बदली शिक्षिकेलाही ते वाचून तीच कृती ओळखता यावी. ‘शेजारी बसलेल्या मुलाचे केस उजव्या हाताने पकडतो आणि कोणी सोडवेपर्यंत सोडत नाही’ हे वर्णन आहे. ‘त्रास देतो’ ही आपली तक्रार झाली.

एका मुलाच्या बाबतीत एका वेळी एक, फार तर दोन वर्तने हाती घ्यावीत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणारे वर्तन आधी, त्यानंतर शिकण्यात अडथळा आणणारे. हात फडफडवणे, खुर्चीत झुलणे, एकच वाक्य पुटपुटत राहणे यांमुळे कोणाला इजा होत नसेल आणि मुलाचे काम चालू असेल, तर त्यांच्या मागे लागू नये. पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, हे आराखडा करण्यासाठी पुरेसे कारण नाही. वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की या यादीत अचानक नवी वर्तने शिरतात, त्यांच्याकडे थोडे संशयानेच पाहावे.

कोणते वर्तन निवडावे हे ठरत नसेल, तर सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक अपंग संस्थेने (आताची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था) भारतीय मुलांसाठी तयार केलेली बेसिक-एमआर ही वर्तन मोजण्याची श्रेणी वापरता येते. तिच्या दुसऱ्या भागात दहा क्षेत्रांत विभागलेली ७५ समस्यावर्तने आहेत आणि प्रत्येकाला कधीच नाही, क्वचित, वारंवार यांनुसार शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे असतात. वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा ती भरली, की ‘पूर्वीपेक्षा बरा आहे’ या मोघम शेऱ्याच्या जागी काहीतरी हातात राहते.

आधी शरीराकडे पाहावे

न बोलणाऱ्या मुलाच्या वर्तनात अचानक बदल झाला, तर पहिला प्रश्न दुखण्याचा असावा. किडलेला दात, कानात साचलेला पू, बद्धकोष्ठता, मूळव्याध, पाळीच्या आधीचे पोटदुखणे, चष्म्याचा बदललेला नंबर, पावसाळ्यात ओल्या चपलांमुळे बोटांच्या बेचक्यांत झालेला चिखल्यांचा संसर्ग, यांतले काहीही कपाळ भिंतीवर आपटण्यामागे असू शकते. ज्या बाजूचा कान दुखतो त्याच बाजूने मूल डोक्यावर बुक्के मारत असू शकते, म्हणून कोणत्या बाजूला मारतो याचीही नोंद करावी.

अनेक मुलांना फिट्सचा त्रास असतो आणि त्यावरील काही औषधांनी चिडचिड किंवा गुंगी वाढू शकते. औषध नुकते बदलले आहे का, डोस वाढला आहे का, काल रात्री झोप झाली का, हे पालकांना विचारल्याशिवाय वर्तनाचा आराखडा लिहायला बसू नये. औषधाबाबतचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. शाळेने तारीखवार नोंदीची प्रत पालकांसोबत पाठवावी. मुंबईतल्या केईएम, शीव किंवा नायर रुग्णालयाच्या गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना मिळणाऱ्या थोड्या वेळात ती पानभर नोंद आईच्या आठवणीपेक्षा जास्त कामाला येते.

दोन आठवड्यांची नोंद

आता मुख्य काम. दोन आठवडे काहीही बदलू नये, फक्त लिहावे. प्रत्येक प्रसंगासाठी वेळ, जागा, लगेच आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि लगेच नंतर काय घडले, एवढे पाच रकाने पुरतात. उदाहरणार्थ, दहा वर्षांच्या एका मुलाची नोंद अशी असेल:

सोमवार, सकाळी १०.४०. वर्गात, टेबलापाशी. आधी: मण्यांची पहिली माळ पूर्ण झाली, ताईंनी लगेच दुसरी दोरी समोर ठेवली. वर्तन: मण्यांची डबी उचलून जमिनीवर फेकली. नंतर: मावशींनी मणी गोळा केले, तोपर्यंत ताईंनी त्याला खिडकीपाशी बसवले, तो रस्त्यावरच्या गाड्या बघत शांत झाला.

एका नोंदीवरून काही ठरवू नये. पण अशा दहा नोंदी झाल्या आणि त्यांतल्या सात-आठ वेळा डबी दुसऱ्या दोरीनंतरच फेकली गेली असेल, तर पहिल्या माळेचा त्याला कंटाळा नाही, मण्यांचाही राग नाही, एवढे तरी कळते. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच बहुतेक वेळा रिकामा राहतो, कारण त्यात आपण काय केले ते लिहायचे असते.

नोंद फक्त ताईंनी ठेवली तर ती अपुरी राहते. स्वच्छतागृहात, जिन्यात, डब्याच्या वेळी मुलाबरोबर मावशी असतात आणि बसमध्ये मदतनीस किंवा चालककाका असतात. त्यांना लिहिणे अवघड वाटत असेल तर वर्गाच्या दाराला दोरीने अडकवलेल्या तक्त्यावर नुसती खूण करायला सांगावी, किंवा दिवस संपल्यावर त्यांच्याकडून तोंडी ऐकून ताईंनी लिहून घ्यावे. मुलाच्या रडण्याचा, कपडे काढण्याचा व्हिडिओ काढून तो शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे ही नोंद नव्हे, ते करूच नये. तज्ज्ञाला दाखवण्यासाठी चित्रण हवे असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि काम झाल्यावर ते पुसून टाकावे.

वर्तनातून मुलाला काय मिळते?

नोंदी समोर ठेवून सर्वांनी एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा. वर्तनानंतर या मुलाला काय मिळाले, किंवा कशातून सुटका मिळाली? उत्तर साधारणपणे चारांपैकी एक निघते: कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू वा कृती, नकोशा कामातून किंवा जागेतून सुटका, आणि शरीराला मिळणारी एखादी संवेदना. कधी दोन कारणे एकत्र असतात.

वर्तन दिसायला सारखे असले तरी कारण वेगळे असू शकते, आणि इथेच शाळा फसतात. मणी फेकणाऱ्या मुलाला काम थांबवून खिडकीपाशी बसायला मिळते. त्याच वर्गातली एक मुलगी पाण्याची बाटली फेकते, पण तिच्या नोंदीत प्रत्येक वेळी आधी ताई दुसऱ्या मुलाचा हात धरून त्याच्याकडून लिहून घेत असतात आणि नंतर ताई तिच्याकडे येऊन ‘असं करायचं नाही हं बाळा’ म्हणून समजावतात. दोघांनाही ‘फेकाफेकी केली तर वर्गाबाहेर’ हा एकच नियम लावला, तर मुलगा फेकणे वाढवील, कारण त्याला हवे तेच मिळाले. मुलीच्या बाबतीत, वर्गाबाहेर मावशी तिच्याशी गप्पा मारत बसल्या तर तिचेही काम झाले. वर्गाबाहेर पाठवणे ही शिक्षा आहे असे आपल्याला वाटते. मुलाच्या दृष्टीने ती काय आहे, हे नोंदच सांगते.

दिवसाच्या सांध्यांची दुरुस्ती

कारण कळले की आधी आपली मांडणी बदलावी, मुलाचे वर्तन त्यानंतर. हा क्रम उलटा केल्याने अनेक चांगले आराखडे फाइलीत पडून राहतात.

सकाळच्या सांध्यापासून सुरुवात करू. मुंबईत शाळेची बस वेळेवर येणे हा योगायोग असतो. एलबीएस मार्गावर किंवा द्रुतगती महामार्गावर पाऊण तास अडकलेल्या बसमधून उतरलेले मूल लघवीला लागलेले असते, तहानलेले असते आणि हॉर्नच्या आवाजाने त्रासलेले असते. त्याला थेट प्रार्थनेच्या रांगेत उभे केले की पहिली चापट शेजाऱ्याला बसते. त्यामुळे बस उशिरा आली तर त्या मुलांनी प्रार्थना चुकवली तरी चालेल असा नियम मुख्याध्यापकांनीच करावा. उतरल्यावर स्वच्छतागृह, पाणी आणि पाच-सात मिनिटे शरीराला जोर देणारे काम, जसे चटया उचलून नेणे, पाण्याची कळशी दोघांनी मिळून उचलणे, भिंतीला दोन्ही हात टेकवून ढकलणे, आणि मग वर्ग. कोणत्या मुलाला कोणते काम द्यायचे हे व्यवसायोपचार तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

दुसरा सांधा तासांमधला. पुढे काय आहे हे कळत नाही तेव्हा मूल चालू असलेली गोष्ट सोडायला तयार होत नाही. यासाठी चित्र-वेळापत्रक हा अजूनही सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर वेल्क्रोने लावलेली पाच-सहा चित्रे, काम झाले की ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकायचे, एवढेच. चित्रे इंटरनेटवरून घेतलेली परदेशी नसावीत. आपल्या शाळेचा झोपाळा, आपल्या वर्गातला माठ, मुलाचा स्वतःचा डबा यांचे मोबाइलवर काढलेले फोटो छापून लॅमिनेट करावेत. ज्या मुलांना फोटोही कळत नाहीत त्यांच्यासाठी वस्तूच वापरावी: चमचा हातात दिला की डबा, टॉवेल दिला की हात धुणे. तास बदलण्यापूर्वी पाच मिनिटे आणि एक मिनिट अशी दोनदा सूचना द्यावी आणि वाळूचे घड्याळ समोर ठेवावे, कारण ‘पाच मिनिटं’ हे शब्द बऱ्याच मुलांसाठी नुसता आवाज असतात.

रांगेचा सांधा सर्वांत वाईट, कारण त्यात करण्यासारखे काहीच नसते. नऊ मुले एका नळापाशी उभी केली तर शेवटच्या मुलाला दहा मिनिटे वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणे हे कौशल्य त्याला अजून शिकवलेलेच नसते. दोन-दोन मुलांना पाठवावे, बाकीच्यांच्या हातात काहीतरी असावे. प्रत्येक वर्गात एक ‘वाट पाहण्याची पिशवी’ ठेवावी: दाबायचा स्पंजचा चेंडू, जुनी चित्रांची वही, डबी उघड-बंद करायची एखादी वस्तू. ती पिशवी फक्त वाट पाहतानाच बाहेर काढावी, म्हणजे तिचे नवेपण टिकते.

जागेचाही विचार करावा. मुंबईतील बऱ्याच विशेष शाळा जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, महापालिकेच्या शाळेच्या दोन-तीन खोल्यांत किंवा एखाद्या ट्रस्टच्या सभागृहात भरतात. शांत खोली, संवेदन-कक्ष वगैरे गोष्टी तिथे शक्य नसतात. कपाट आडवे करून त्यामागे एक चटई, एक उशी आणि जाड पडदा एवढा कोपरा मात्र करता येतो. या कोपऱ्यात मूल स्वतःहून जाईल, त्याला दार नसेल आणि तिथे शिक्षा म्हणून कोणाला पाठवले जाणार नाही, हे तीन नियम भिंतीवर लिहून लावावेत. पळून जाणाऱ्या मुलाची जागा दारापासून सर्वांत दूर आणि टेबलाच्या आतल्या बाजूला असावी. मारणाऱ्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात दुसरे मूल नसावे. खिडकीबाहेर मेट्रोचे किंवा पुनर्विकासाचे काम चालू असेल, तर आवाजाने कान झाकणाऱ्या मुलासाठी कानावरचे संरक्षक हेडफोन ठेवावेत. मुलाने ते मागितले तर द्यावेत, मात्र दिवसभर घालून ठेवू नयेत.

ऋतूंचा हिशेब वर्षाच्या आराखड्यातच असावा. जून ते सप्टेंबर मैदान बंद, म्हणजे शरीराची ऊर्जा बाहेर पडण्याची वाट बंद. तेव्हा जिना चढ-उतार, ट्रॅम्पोलिन, वर्गातला नाच यांसाठी वेळापत्रकात आधीच जागा ठेवावी. मुसळधार पावसात अचानक सुट्टी जाहीर होते तेव्हा स्वमग्न मुलाचा दिवस कोलमडतो, म्हणून ‘आज शाळा नाही’ असे चित्र प्रत्येक घरी आधीच दिलेले असावे. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा आणि डीजेमुळे चाळीत आणि झोपडवस्तीत राहणाऱ्या मुलांची रात्रीची झोप होत नाही. त्या आठवड्यात नवे कौशल्य शिकवायला घेऊ नये, कामाचा भार निम्म्यावर आणावा. दिवाळीच्या फटाक्यांसाठी आवाजाची ओळख आधीपासून, रेकॉर्डिंग अगदी हळू लावून, टप्प्याटप्प्याने करून देता येते, पण हे काम तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे.

पर्यायी वर्तन शिकवावे

मूल चावते त्या जागी ते काय करू शकले असते, हे आपण ठरवले नाही तर मूल ते शोधणार नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते: वर्तनाचे कारण ओळखून तेच मिळवण्यासाठी मुलांना योग्य वाक्य शिकवले, तेव्हा समस्यावर्तन कमी झाले. अट एवढीच की नवी कृती जुन्यापेक्षा सोपी असावी आणि तिचे फळ लगेच मिळावे.

मण्यांच्या उदाहरणाकडे परत जाऊ. त्या मुलाला ‘पुरे’ हे कार्ड द्यावे आणि ते टेबलाच्या कडेला चिकटवावे. पहिली माळ संपत आली, शेवटचे दोन मणी उरले की डबी फेकण्याची वेळ येण्याआधीच मागे उभ्या असलेल्या मावशींनी त्याचा हात हळूच कार्डावर नेऊन ते ताईंच्या हातात ठेवायला मदत करावी. ताईंनी ‘पुरे! चल, खिडकीत बसू’ म्हणून त्याला लगेच दोन मिनिटे खिडकीपाशी न्यावे. त्यांनी ‘अजून एक कर, मग जा’ म्हटले तर कार्डाला अर्थ उरणार नाही. पहिले काही दिवस तो दर दोन मिनिटांनी कार्ड देईल, आणि दिले की सोडायचे. बोलण्याने काम होते हे त्याला पुरते पटल्यावर, ‘आणखी तीन मणी, मग पुरे’ असे हळूहळू वाढवता येते.

बोलता न येणाऱ्या पण चित्रे ओळखणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत विकसित झालेले जेलो हे संवाद ॲप मराठीतही उपलब्ध आहे. मात्र शाळेत एकच टॅब असेल आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असेल, तर त्याचा उपयोग नाही. ‘पाणी’, ‘शू’, ‘पुरे’, ‘मदत’, ‘नको’ ही पाच कार्डे प्रत्येक मुलाच्या गळ्यातल्या किंवा कमरेच्या कडीत असणे त्यापेक्षा चांगले. ‘नको’ हे कार्ड अनेक शाळा देत नाहीत, कारण मूल ते सारखे दाखवील अशी भीती वाटते. नको म्हणण्याचा साधा मार्ग नसला की मूल दातांनी नको म्हणते.

कौतुक, बक्षीस आणि दुर्लक्ष

बक्षीस मुलाला आवडणारे असावे. आपल्या मते आवडायला हवे ते चालत नाही. आठवडाभर पाहून यादी करावी: कोणी फिरत्या पंख्याखाली उभे राहण्यासाठी काहीही करील, कोणाला चावीचा जुडगा हवा असतो, कोणाला फक्त चालककाकांची टाळी. वेफर्स आणि चॉकलेटवर भिस्त ठेवू नये. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व रोजच्या कामात फार उपयोगी आहे: जास्त आवडणारी कृती कमी आवडणाऱ्या कृतीच्या नंतर ठेवावी. ‘आधी वही, मग झोपाळा’ अशी दोन चित्रांची पाटी समोर ठेवली की धमकीचा सूर आपोआप जातो. ‘वही केली नाहीस तर झोपाळा नाही’ या वाक्यात व्यवहार तोच असला तरी मुलाच्या कानावर फक्त ‘नाही’ पडते.

लक्ष वेधण्यासाठी केलेल्या, इजा न करणाऱ्या वर्तनाकडे दुर्लक्ष करावे, हे सर्वांना ठाऊक असते. पुढे काय होते ते मात्र सांगितले जात नाही. दुर्लक्ष सुरू केले की वर्तन आधी वाढते. बाटली फेकणारी मुलगी आता दोन बाटल्या फेकेल, किंचाळेल, ताईंची ओढणी ओढेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्याने कंटाळून ‘काय झालं गं?’ विचारले, की जास्त जोरात केल्यावर लक्ष मिळते, हा धडा पक्का होतो. म्हणून वर्गातल्या सर्वांनी, मावशी आणि भेटीला आलेल्या पालकांसकट, पाळण्याची तयारी असेल तरच दुर्लक्षाचा मार्ग धरावा. त्याच वेळी ती शांत बसलेली असताना दर दोन-तीन मिनिटांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत लक्ष द्यावे. नुसत्या दुर्लक्षाने मूल काहीच शिकत नाही. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष कधीही करू नये.

उद्रेकाच्या वेळी

मूल पूर्णपणे भडकले असेल तेव्हा शिकवण्याची वेळ गेलेली असते. समजावणे, माफी मागायला लावणे, ‘बघ, सगळे तुला हसतात’ म्हणणे थांबवावे. एकाच व्यक्तीने, कमी शब्दांत, खालच्या आवाजात बोलावे आणि बाजूला, हाताच्या अंतरापलीकडे उभे राहावे. दुसऱ्या व्यक्तीने बाकीच्या मुलांना बाहेर न्यावे. एका मुलाला ओढत बाहेर काढण्यापेक्षा आठ मुलांना बाहेर नेणे सोपे आणि सुरक्षित असते. कात्री, स्टीलचे डबे आणि काचेची भांडी उचलावीत.

मुलाने हात चावला तर हात मागे खेचू नये, त्याने जखम वाढते. हात किंचित तोंडाच्या दिशेने पुढे नेला की जबडा सैल होतो. केस पकडले तर त्याची मूठ आपल्या तळहाताने डोक्यावरच दाबून धरावी, म्हणजे ओढ बसत नाही, आणि दुसऱ्या व्यक्तीने बोटे हळूहळू सोडवावीत. हे प्रकार वर्षातून एकदा सर्व कर्मचाऱ्यांकडून एकमेकांवर करवून घ्यावेत, वाचून ते जमत नाहीत. मुलाला धरून ठेवणे हा शेवटचा उपाय, तोही तत्काळ धोका असेल तेवढ्याच क्षणांपुरता, दोन माणसांनी मिळून. पालथे पाडणे, छातीवर किंवा पाठीवर बसणे, मान धरणे यांनी श्वास कोंडतो आणि मूल दगावू शकते, म्हणून ते कधीही करू नये. डोके आपटणाऱ्या मुलाच्या आणि भिंतीच्या मध्ये उशी सरकवणे हा त्याहून चांगला मार्ग आहे.

शांत झाल्यावर पाणी द्यावे, कपडे बदलावेत, अंगावर काही लागले आहे का हे तपासावे. त्याच दिवशी नोंद करावी आणि पालकांना फोन करावा. घरी पाठवण्यापूर्वी ओरखडा दिसला आणि तो कसा झाला हे शाळेने सांगितले नाही, तर पालकांचा विश्वास परत मिळवायला वर्ष जाते. ज्या ताईंना मार बसला त्यांना त्या दिवशी दुसऱ्या वर्गात थोडा वेळ बदली द्यावी. एवढे केले तरी कर्मचारी टिकतात.

वयात आलेली मुले

बारा-तेरा वर्षांनंतर वर्गात खासगी अवयवांना हात लावणे, कपडे वर करणे, मुलींना मिठी मारणे असे वर्तन दिसू लागते. त्यावर ओरडून किंवा हसून भागत नाही. खासगी जागा आणि सर्वांसमोरची जागा हा फरक चित्रांनी शिकवावा, हात गुंतलेले राहतील असे काम द्यावे, आणि घट्ट चड्डी, खाज किंवा संसर्ग नाही ना हे पालकांकडून तपासून घ्यावे. लहान असताना सर्वांच्या मांडीवर बसणाऱ्या मुलाला सोळाव्या वर्षी अचानक ‘लांब हो’ म्हणण्यापेक्षा हात मिळवणे आणि टाळी देणे सातव्या वर्षापासूनच शिकवावे. आणि हेच वर्तन अचानक सुरू झाले, मूल एखाद्या व्यक्तीला किंवा बसला घाबरू लागले, तर अत्याचाराची शक्यता मनात ठेवावी. पोक्सो कायदा, २०१२ नुसार असा गुन्हा घडल्याचे समजल्यावर किंवा तशी शंका आल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि शाळेच्या बदनामीचे कारण त्याआड येऊ शकत नाही. १०९८ हा मदत क्रमांक शिक्षक-कक्षात आणि बसमध्ये लिहिलेला असावा.

घराशी जुळवून घ्यावे

शाळेत ‘पुरे’ कार्डाला मान आणि घरी फेकाफेकीला मोबाइल, असे झाले तर आराखडा टिकत नाही. पण पालकांना सल्ला देताना त्यांच्या घराचा आकार लक्षात घ्यावा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, आई पहाटेची लोकल पकडून कामाला जात असेल आणि मूल दिवसभर आजीकडे असेल, तर ‘घरी शांत कोपरा करा’ आणि ‘तक्ता भरा’ या सूचना त्यांना ऐकून घेण्यापुरत्याच असतात. त्यांना एकच गोष्ट सांगावी, तीही ज्या वेळेला सर्वांत जास्त त्रास होतो त्या वेळेपुरती. आजीला शाळेत बोलावून कार्ड कसे घ्यायचे हे प्रत्यक्ष दाखवावे. शेजाऱ्यांच्या तक्रारी, लोकलमध्ये लोकांचे बघणे आणि ‘आईचंच वळण नाही’ हे नातेवाइकांचे बोलणे यांनी पालक आधीच थकलेले असतात. शाळेतून रोज फक्त तक्रारीचा फोन गेला तर ते फोन उचलणे थांबवतात, म्हणून आठवड्यातून निदान एक फोन चांगल्या बातमीचा असावा.

आढावा आणि पुढच्या ताईंना द्यायचा कागद

दर दोन आठवड्यांनी त्याच वेळेच्या नोंदी पुन्हा मोजाव्यात. संख्या कमी झाली नसेल तर आधी आराखडा सर्वांनी पाळला का हे पाहावे, नंतर कारण चुकीचे ओळखले गेले का हे तपासावे, आणि त्यानंतरच मानसशास्त्रज्ञ किंवा बालमनोविकार तज्ज्ञाकडे पाठवावे. खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मूल्यमापनासाठी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्याचा उपयोग होतो. वर्तनाचे उद्दिष्ट वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात इतर उद्दिष्टांच्या बरोबरीने लिहावे, नाहीतर तपासणीच्या वेळी ते कोणालाच सापडत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये वर्ग बदलतो, ताई बदलतात, आणि वर्षभराचे काम पहिल्या पंधरवड्यात निसटते, कारण नव्या ताईंना मुलाबद्दल ‘जरा सांभाळून’ एवढेच सांगितलेले असते. म्हणून एप्रिलमध्येच प्रत्येक मुलाचा एका पानाचा कागद तयार करावा. त्यात चिडण्यापूर्वीची खूण लिहावी, जसे हा मुलगा आधी डावा कान चोळतो. त्या वेळी काय केल्याने तो शांत होतो ते. कोणती कार्डे वापरतो, कोणत्या वाक्याने भडकतो, बसमध्ये कोणाशेजारी बसू नये, आणि दुखले तर ते कसे दाखवतो. हा कागद जुन्या आणि नव्या ताईंनी मावशींना बरोबर घेऊन वाचावा, एक प्रत बसच्या मदतनीसांना द्यावी, आणि मूल आपली ‘पुरे’, ‘पाणी’, ‘नको’ ही जुनीच कार्डे घेऊन नव्या वर्गात जाईल अशी व्यवस्था शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी करून ठेवावी.